जुन्या कॉम्प्रेसरमधलं ‘प्रक्षिप्त’ काढायचं की ठेवायचं?

जुने ऑडिओ कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे जोरकस भाग आपोआप दाबणारी रेकॉर्डिंगची यंत्रं, दुरुस्त करणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो आणि दर वेळी तो त्याच दोन वाक्यांवर येऊन अडकतो. कुणाच्या तरी हाती साठच्या किंवा सत्तरच्या दशकातलं एखादं युनिट येतं, झाकण उघडल्यावर कळतं की मधल्या काळात कुणीतरी आत बरेच बदल, म्हणजे मॉड, करून ठेवलेत, आणि मग प्रश्न येतो की हे सगळं काढून कंपनीने बनवलं होतं तसं करायचं की राहू द्यायचं. एक गट लगेच म्हणतो, “मूळ ते मूळ, त्याला हात लावला की वाट लागली.” दुसरा गट म्हणतो, “कानाला चांगलं वाटतंय ना, मग बास.” मला या दोन्ही वाक्यांचा राग येतो, कारण दोन्हींमध्ये विचार करायचं कामच टाळलेलं आहे. पहिल्याला ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय ते सांगायचं नाहीये आणि दुसऱ्याला ‘चांगलं’ म्हणजे कशासाठी चांगलं ते सांगायचं नाहीये.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक मॉड काढावेत, आणि युनिट ज्या रिव्हिजनचं, म्हणजे कंपनीच्या ज्या सुधारित आवृत्तीचं, म्हणून कारखान्यातून बाहेर पडलं त्याच रिव्हिजनच्या सर्किटवर परत न्यावं. पण मूळ सर्किट म्हणजे मूळ पार्ट नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीचा वाळलेला कॅपॅसिटर कवटाळून बसण्यात कसलंही जतन नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते ती म्हणजे नोंद. काय काढलं, कुठून काढलं, किती व्हॅल्यूचं होतं, हे लिहून ठेवल्याशिवाय मॉड काढणारा आणि लिहून न ठेवता मॉड घालणारा, दोघंही एकाच माळेचे मणी. काही मोजके मॉड असेही असतात की जे काढणं हेच नुकसान असतं, त्यांच्याकडे पुढे येते.

आधी कॉम्प्रेसरमध्ये मॉडचा प्रश्न बाकी यंत्रांपेक्षा वेगळा का आहे ते बघू, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. कॉम्प्रेसरमध्ये एक घटक असतो जो सिग्नलचा गेन, म्हणजे तो किती मोठा करायचा ते प्रमाण, खाली आणतो आणि एक डिटेक्टर असतो जो किती आणि किती वेळ खाली आणायचा ते ठरवतो. फेअरचाइल्ड ६७० मध्ये तो घटक म्हणजे ६३८६ या ट्यूब, टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्ये प्रकाश देणारं एक पॅनल आणि त्या प्रकाशाने बदलणारे रेझिस्टर, ११७६ या मॉडेलमध्ये फेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, नीव्ह २२५४ मध्ये डायोड ब्रिज, डीबीएक्स १६० मध्ये व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने गेन बदलणारा अँप. आता साध्या प्रीअँपमध्ये, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटमध्ये, एखादा पार्ट बदलला तर फरक बहुतेक करून त्या जागेपुरता राहतो, थोडा गेन वाढेल, थोडं डिस्टॉर्शन कमी होईल. कॉम्प्रेसरमध्ये तसं होत नाही. ११७६ चा डिटेक्टर ऐकतो तो फेटच्या पुढे प्रीअँपमधून मोठा होऊन आलेला सिग्नल, आणि त्यावरूनच तो मागे फेटला सांगतो की दाब. म्हणजे हे एक वर्तुळ आहे. प्रीअँपमधला ट्रान्झिस्टर बदलून गेन थोडासा वाढवला तरी डिटेक्टरला मिळणारा सिग्नल बदलतो, त्यामुळे थ्रेशोल्ड, म्हणजे दाबायला सुरुवात होण्याची पातळी, सरकतो, रेशोच्या, म्हणजे किती पट दाबायचं त्याच्या, बटणावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षात होणारं काम यांचा संबंध सुटत जातो, मीटर वेगळं काहीतरी दाखवायला लागतं. ज्याने मॉड केला त्याला वाटतं मी फक्त आवाज जरा मोकळा केला.

एलए-२ए चं उदाहरण तर फार बोलकं आहे. त्यातल्या टी४ नावाच्या डबीत एक इलेक्ट्रोल्युमिनेसंट पॅनल असतं आणि त्याच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे फोटोरेझिस्टर. जेम्स लॉरेन्स यांनी जे डिझाइन केलं त्यात या पॅनलला थेट ऑडिओच दिलाय, ६एक्यू५ ट्यूब त्याला सरळ सिग्नलनेच चालवते, आधी रेक्टिफाय करून डीसी बनवायची भानगड नाही. आणि अशा पॅनलचा उजेड फक्त व्होल्टेजवर अवलंबून नसतो, फ्रिक्वेन्सीवरही असतो. शिवाय फोटोरेझिस्टरला आठवण असते, म्हणजे आधी किती वेळ आणि किती उजेड पडला होता त्यावर तो किती सावकाश पूर्ववत होणार ते ठरतं. त्यामुळे दाबलेला आवाज अर्धा परत यायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात आणि उरलेला अर्धा यायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत कितीही. गाणाऱ्या आवाजावर एलए-२ए इतका सहज बसतो त्याचं कारण ही दोन टप्प्यांची सुटका. आता होतं असं की पॅनल वर्षानुवर्षं वापरून मंद होतं, टी४ म्हातारा होतो, आणि कुणीतरी ती डबी काढून तिथे एलईडीवर चालणारा ऑप्टोकपलर लावतो, सोबत एक छोटा रेक्टिफायर. चालतं का? चालतं. मीटरचा काटाही हलतो. पण उजेडाचा फ्रिक्वेन्सीशी असलेला संबंध गेला, चढउताराचा वेग बदलला, आणि पॅनलवर नाव मात्र एलए-२ए च राहिलं. याला दुरुस्ती म्हणायचं का?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि त्यातले काही खरंच जड आहेत, ते हलके करून सांगण्यात मला रस नाही.

पहिला मुद्दा, हे यंत्र कामाचं आहे, काचेच्या कपाटात ठेवायचं नाही. ज्या काळात ही युनिट बनली त्या काळात टेपचा स्वतःचाच हिस् एवढा होता की कॉम्प्रेसरचा नॉइज त्यात लपून जायचा. आज डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये मागे काहीच नसतं, आणि कॉम्प्रेसर तर मोठं दाबून बारीक वर आणणारं यंत्र, त्यामुळे त्याचा नॉइजही वर येतो. मग एखाद्या इंजिनिअरने नॉइज कमी करायला मॉड केला तर त्याचं काय चुकलं? काही चुकलं नाही. पण माझा टेबलावरचा अनुभव असा आहे की “हे सर्किटच नॉइझी आहे” म्हणून आलेल्या युनिटमध्ये बऱ्याचदा सर्किटचा काही दोष नसतो. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वर्षांनुवर्षं व्हॅल्यू वाढवत आणि आवाज करत बसलेले असतात, एखादा ट्रान्झिस्टर खवळलेला असतो, पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर सुकलेले असतात, आणि हे बदलले की तेच सर्किट मुकाट बसतं. म्हणजे आजार एक होता आणि ऑपरेशन भलतंच झालं.

याच जातीचं अजून एक उदाहरण द्यायला हवं कारण ते मी इतक्या वेळा बघितलंय. जुनी ट्रान्सफॉर्मर आउटपुटची यंत्रं ६०० ओहमच्या जगासाठी बनली, पुढचं यंत्र ६०० ओहमचा भार टाकणार हे गृहीत धरून. आजच्या इंटरफेसचा इनपुट दहा हजार ओहम किंवा त्याहून वर असतो. भार नसलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर वरच्या फ्रिक्वेन्सीला रिंग करायला, म्हणजे झणझणायला, लागतो, आवाज वर टोकाला करकरीत होतो, आणि मग लोक काय करतात, तर ट्रान्सफॉर्मरच काढतात आणि तिथे ऑपअँप नावाची चिप बसवतात. आउटपुटवर ६०० ओहमचा एक रेझिस्टर टाकायचा होता हो. एक रेझिस्टर, तोही कनेक्टरमध्ये, युनिटच्या आत हात न घालता. आणि काढलेला ट्रान्सफॉर्मर परत मिळत नाही, तो विकला गेलेला असतो.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. मूळ म्हणजे कुठलं मूळ? युनिव्हर्सल ऑडिओ कंपनीचे संस्थापक बिल पटनम यांचा ११७६ हा १९६७ मध्ये आला आणि नंतर तो सतत बदलत गेला, आणि बदलणारी कंपनी स्वतःच होती. रिव्हिजन ए मध्ये प्रीअँपमध्ये फेट होते, बी मध्ये तिथे साधे ट्रान्झिस्टर आले. सी मध्ये ब्रॅड प्लंकेट यांनी नॉइज कमी करणारं सर्किट घातलं, ते इपॉक्सीत गाडलेल्या एका मॉड्यूलमध्ये होतं आणि तेव्हापासून नावात ‘एलएन’, म्हणजे लो नॉइज, आलं. डी मध्ये तेच सर्किट मुख्य बोर्डवर आलं. एफ मध्ये आउटपुटचा अँप बदलून पुशपुल, म्हणजे सिग्नलचे दोन अर्धे दोन बाजूंनी चालवणारा, झाला. जी मध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर जाऊन ऑपअँप आला. मग विरोधक विचारतात, कंपनीनेच ट्रान्सफॉर्मर काढून ऑपअँप लावला तर तो रिव्हिजन, आणि मी लावला तर ते पाप? प्रश्न चोख आहे. आणि ‘मूळ ते मूळ’ म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नसतं, कारण त्यातल्या अनेकांच्या मनात मूळ म्हणजे निळ्या पट्टीचा रिव्हिजन ए, आणि ते खुशाल एफ किंवा जी घेऊन त्याला ए बनवायला निघतात आणि त्याला रिस्टोरेशन म्हणतात.

माझं उत्तर असं की मूळ ही त्या मॉडेलची गोष्ट नाही, त्या एका युनिटची गोष्ट आहे. सीरियल नंबर बघा, बोर्ड बघा, ते डी म्हणून जन्मलंय तर डी च्या स्कीमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या नकाशावर, जायचं. जी म्हणून जन्मलंय तर त्यात इनपुट ट्रान्सफॉर्मर घुसवायचा नाही, तो कितीही गोड वाजला तरी. फॅशनप्रमाणे जुन्या रिव्हिजनकडे नेणं हासुद्धा मॉडच आहे, फक्त त्याला इतिहासाचा वेश चढवलाय. आणि कंपनीचा बदल आणि माझा बदल यात फरक आहे का? आहे, पण तो अधिकाराचा नाही, नोंदीचा आहे. रिव्हिजन बदलली तेव्हा स्कीमॅटिक बदललं, पार्ट लिस्ट बदलली, त्या रिव्हिजनचे सगळे युनिट एकसारखे निघाले. कुणी पन्नास वर्षांनी डी उघडला तर त्याला काय अपेक्षित आहे ते माहीत असतं. माझ्या टेबलावर रात्री अकराला केलेला बदल मात्र फक्त मला माहीत असतो, आणि पाच वर्षांनी मलाही नसतो.

इथे मला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होते, आणि ही तुलना ओढूनताणून आणलेली नाहीये, मला ती खरंच नेमकी वाटते. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या हस्तलिखितांची ताडून बघणी झाली आणि जे श्लोक नंतर घातलेले दिसले, ज्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो, ते मुख्य संहितेतून बाहेर काढले. त्यावर ओरडाही झाला, कारण लोकांच्या लाडक्या कित्येक कथा त्या श्लोकांत होत्या. पण ते श्लोक फेकून दिले का? नाही. ते तळटीपांमध्ये आणि परिशिष्टांमध्ये छापले, कुठल्या हस्तलिखितात काय आहे यासकट. ज्याला ते हवेत त्याला ते तिथे आहेत. मुख्य संहिता कशी होती हेही कळतं आणि शतकानुशतकं लोकांनी तिच्यात काय काय भरलं हेही कळतं. कॉम्प्रेसर रिस्टोअर करताना मला हेच हवंय. सर्किट परत जागेवर, आणि काढलेला मॉड परिशिष्टात. परिशिष्टात म्हणजे काढण्याआधीचे फोटो, हाताने काढलेलं स्कीमॅटिक, काढण्याआधी आणि नंतर घेतलेली मोजमापं, आणि काढलेले पार्ट एका पिशवीत.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड, आणि मी स्वतः त्याच्यापुढे बराच काळ निरुत्तर होते. काही मॉड हेच इतिहास असतात. १९६० च्या आसपास ईएमआयच्या लंडनमधल्या स्टुडिओने, ज्याला आता सगळं जग अॅबी रोड म्हणून ओळखतं, अमेरिकन अल्टेक ४३६बी कॉम्प्रेसर घेतले. ते जसे आले तसे तिथल्या इंजिनिअरांच्या कामाचे नव्हते, म्हणून त्यांनी ते आतून बाहेरून बदलले आणि त्यांना आरएस१२४ असं स्वतःचं नाव दिलं. बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वापरले गेले. आता समजा एखादा आरएस१२४ हाती आला आणि ‘मूळ ते मूळ’वाल्याने तो परत ४३६बी केला, तर त्याने काय केलं? एक साधारण कॉम्प्रेसर परत मिळवण्यासाठी एक दुर्मिळ यंत्र मारलं. हे मला मान्य आहे, शंभर टक्के. १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये जुन्या वास्तूंबद्दल हेच ठरवलं गेलं की प्रत्येक काळाने केलेली मोलाची भर जपायची, सगळी वास्तू एकाच काळाची दिसावी हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. मग कॉम्प्रेसरला वेगळा न्याय का?

पण थांबा. आरएस१२४ चं उदाहरण देऊन जो तो आपला मॉड वाचवायला बघतो, तेव्हा नीट बघायला हवं की आरएस१२४ मध्ये नेमकं काय होतं. ते एका संस्थेतल्या प्रशिक्षित लोकांनी ठरवून केलेलं काम होतं. बदल ठरलेला होता, त्याला नाव होतं, एकापेक्षा जास्त युनिट त्याच पद्धतीने बदलली गेली, आणि वर्षानुवर्षं तीच युनिट त्याच कामासाठी वापरली गेली. म्हणजे खरं तर तो एका नव्या यंत्राचा जन्म होता, अल्टेकच्या पेटीत. याची तुलना कुणीतरी घाईघाईत कुठल्यातरी रेझिस्टरवर आडवा सोल्डर केलेल्या कॅपॅसिटरशी कशी करायची? वेगळेपण हे मूल्य नाही. “हे युनिट जगात एकच आहे” असं अभिमानाने सांगतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं की मोडलेलं प्रत्येक युनिट आपापल्या परीने एकमेवच असतं की नाही?

व्हायोलिनवाले इथे एक फार चांगला आक्षेप घेतात. स्त्राडिव्हारीची बहुतेक सगळी व्हायोलिन नंतरच्या काळात उघडून बदललेली आहेत, मान लांब केली, तिचा कोन बदलला, आतला बास बार, म्हणजे वरच्या पाटीला आतून आधार देणारी पट्टी, मोठा केला. जवळजवळ मूळ अवस्थेत राहिलेली वाद्यं अगदी थोडी, फ्लॉरेन्समधला १६९० चा टेनर व्हायोला हे त्यातलं नावाजलेलं. आणि कुणीही शहाणा माणूस म्हणत नाही की सगळ्या स्त्राडिव्हारी परत बरोक, म्हणजे त्याच्या काळासारख्या, करा. मग? मला वाटतं हा आक्षेप उलटा माझ्या बाजूने जातो. ते बदल मोठी सभागृहं आणि तारांचा वाढलेला ताण यामुळे झाले आणि ते सगळ्याच वाद्यांवर साधारण एकाच दिशेने झाले, त्यामुळे त्यातून एक नवी प्रमाण अवस्था तयार झाली जिच्यासाठी पुढचं सगळं संगीत लिहिलं गेलं. कॉम्प्रेसरच्या मॉडमधून अशी कुठली प्रमाण अवस्था आली? दहा युनिट उघडा, दहा तऱ्हा. शिवाय कापलेली मान परत जोडता येत नाही पण सोल्डर वितळतो. आणि त्या एका फ्लॉरेन्सच्या व्हायोलाचं महत्त्व बघा ना. बाकी सगळे बदलले म्हणूनच तो एक न बदललेला इतका मोलाचा झाला, कारण पहिली रचना कशी होती ते तोच सांगू शकतो. आपण फेअरचाइल्डची ती वेळ यायची वाट बघायची का?

कुणी म्हणेल स्कीमॅटिक आहे की, मग न बदललेलं युनिट कशाला हवं. हे चुकीचं आहे आणि ज्याने कधी क्लोन बनवलाय त्याला ते माहीत असतं. ट्रान्सफॉर्मरचं लीकेज इंडक्टन्स स्कीमॅटिकवर नसतं, गुंडाळणीची पद्धत नसते, वायर कुठून कशी नेली आणि तिची शेजारच्या वायरशी किती कपॅसिटन्स आहे ते नसतं. एलए-२ए च्या स्कीमॅटिकवर इनपुटला यूटीसी एचए-१००एक्स आणि आउटपुटला ए-२४ एवढंच लिहिलेलं असतं, त्या ट्रान्सफॉर्मरच्या आत काय आहे ते ट्रान्सफॉर्मरच सांगणार. आज जे प्लगइन आणि जे क्लोन लोक वापरतात ते कुणीतरी कुठल्यातरी एका खऱ्या युनिटवर मोजमाप करूनच आलेत. मोजायला शुद्ध युनिट उरलं नाही तर पुढचा माणूस मोजणार काय, कुणाच्या मॉडची मोजमापं?

चौथा मुद्दा पार्टचा, आणि इथे मी सरळ माघार घेते, कारण काही गोष्टी मिळतच नाहीत. फेअरचाइल्ड ६७० मध्ये एकूण वीस ट्यूब, त्यातल्या आठ ६३८६, दर चॅनलला चार. पुशपुल रचना असल्यामुळे या ट्यूब एकमेकींशी जुळलेल्या लागतात, नाहीतर कंट्रोल व्होल्टेज दोन्ही बाजूंना सारखं जाऊन एकमेकांना खोडत नाही आणि दर दाबाला एक ‘ठप्’ ऐकू येतो. जुन्या ६३८६ आता दुर्मिळ आहेत, म्हणून लोकांनी बेस बदलून, बायस बदलून तिथे ६बीसी८ सारख्या ट्यूब बसवल्या. त्यांना दोष द्यायचा का? अजिबात नाही, युनिट चालू ठेवायचं होतं. आता नव्याने बनवलेल्या ६३८६ मिळतात, तर परत जायचा रस्ता उघडा झालाय, आणि ज्याने बदल करताना जुन्या वायरिंगची नोंद ठेवली होती त्याचं काम एका दिवसात होतं. ज्याने ठेवली नाही त्याचं युनिट आठवडाभर उघडं पडतं. पर्यायी पार्ट वापरायलाच लागला तर तो काढता येईल असा बसवावा, मूळ पॅड आणि मूळ सॉकेट शाबूत ठेवावं, एवढीच माझी मागणी आहे.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलणं हा मॉड नाही हे मात्र ठासून सांगायला हवं, कारण ‘ऑल ओरिजिनल’ या शब्दांवर भाव वाढवणाऱ्या लोकांनी उगाच भीती घातलीये. त्यातलं रसायन सुकतं, ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो, कधी गळून बोर्ड खातं. जुन्या स्कीमॅटिकवर २० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि आता बाजारात २२ मिळतो, तर २२ लावा, त्या जुन्या पार्टची टॉलरन्सच एवढी सैल होती की डिझाइन करणाऱ्याने दोनचा फरक धरलेलाच होता. टायमिंगच्या जागेवर मात्र डोकं वापरायला हवं, कारण रिलीजचा, म्हणजे दाब सुटून आवाज पूर्ववत होण्याचा, वेळ ठरवणाऱ्या कॅपॅसिटरची गळती जास्त असेल तर रिलीज लवकर होतो आणि माणूस समजतो की सर्किटच असं आहे. आणि अर्थिंग. दोन पिनांची जुनी वायर, चासीला अर्थ नाही, फ्यूज धड नाही, अशा युनिटमध्ये कुणी तीन पिनांची वायर आणि अर्थ घातला असेल तर तो मॉड काढायचा विचारही करू नये. मूळपणासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा अधिकार कुणालाच नाही.

एक प्रसंग सांगते. ११७६ चं एक रिव्हिजन डी युनिट माझ्याकडे आलं होतं, तक्रार अशी की काटा शून्यावर येत नाही आणि जोरात दाबलं की आवाज विचित्र फाटतो. आत कुणीतरी फेट बदलला होता, क्यू बायसच्या, म्हणजे फेटची सुरुवातीची स्थिती ठरवणाऱ्या, ट्रिमपॉटच्या (फिरवून लावायच्या छोट्या रेझिस्टरच्या) जागी एक फिक्स रेझिस्टर लावला होता, आणि रिलीजचा कॅपॅसिटर लहान केला होता, सगळ्यात जलद रिलीज अजून जलद व्हावा म्हणून. ११७६ चा रिलीज मुळात ५० मिलिसेकंदांपासून १.१ सेकंदांपर्यंत जातो, अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, तर २० मायक्रोसेकंदांपासून सुरू होतो, याहून जलद काय हवं होतं कोण जाणे. आणि क्यू बायस हा ट्रिमपॉट असतो यालाही कारण आहे, प्रत्येक फेटचा स्वभाव वेगळा, सिग्नल बरोबर एक डेसिबल खाली येईपर्यंत फिरवून तो त्या त्या फेटला लावायचा असतो. फिक्स रेझिस्टर लावणाऱ्याने ती सोयच काढून टाकली होती, म्हणजे पुढे फेट बदलणाऱ्याची कायमची पंचाईत. तीन संध्याकाळी फक्त काय केलंय ते शोधण्यात गेल्या. सगळं परत डी च्या स्कीमॅटिकवर नेलं, कॅलिब्रेट केलं, फाटणं गेलं, काटा शून्यावर आला. आणि मालक म्हणाला की ड्रमवरचा तो जलद रिलीज मला हवा होता, तो गेला. मला वाईट वाटलं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं, तो त्या आवाजावर काम करत होता. मी त्याला कॅपॅसिटरची व्हॅल्यू लिहून दिली आणि सांगितलं की हवा असेल तर मागे स्विच लावून वेगळ्या बोर्डवर देते, मूळ बोर्डला न छेडता. त्याने महिनाभर वापरून बघतो म्हटलं. पुढे त्याने तो स्विच लावून घेतलाही. यात माझ्या मताचा पराभव झाला असं मला वाटत नाही, कारण आता स्विच बंद केला की ते युनिट रिव्हिजन डी असतं, आणि चालू केला की त्याचं स्वतःचं.

‘कानाला चांगलं’ या मुद्द्याचं शेवटी हेच उत्तर आहे. कान खरा आहे, पण कान कुणाशी तुलना करून ‘चांगलं’ म्हणतोय? ज्याने कधी नीट कॅलिब्रेट केलेला एलए-२ए ऐकलाच नाही त्याला मॉड केलेला चांगला वाटतो याचा अर्थ एवढाच की तो चांगला वाटतो. आधी युनिट जागेवर आणा, मोजा, ऐका, मग खुशाल ठरवा. दुधाची तहान ताकावर भागवणाऱ्याने निदान दूध चाखून तरी बघावं.

सध्या माझ्या टेबलावर एक जुना ट्यूब लिमिटर आहे. त्याच्या पुढच्या पॅनलवर एक जादा स्विच आहे, कंपनीचा नाही, पण भोक सरळ पाडलेलं आणि खाली हाताने कोरलेली अक्षरं. उघडलं तेव्हा वाटलं पुन्हा तेच. पण आतली वायर मूळ लूमच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, बाजूने बांधून नेलेली होती, मूळ टॅगस्ट्रिपवरचा, म्हणजे पार्ट सोल्डर करायच्या पट्टीवरचा, एकही पार्ट काढलेला नव्हता, जे घातलं ते वेगळ्या छोट्या टॅगस्ट्रिपवर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद, त्यावर पेन्सिलने काढलेलं त्या स्विचचं सर्किट, व्हॅल्यूसकट. दोन संध्याकाळी विचार केला. त्या स्विचला मी हात लावलेला नाही. फिल्टर कॅपॅसिटर बदलले, अर्थ घातला, दोन सरकलेले रेझिस्टर बदलले, आणि त्या कागदाच्या शेजारी माझा कागद चिकटवला.